डावी बंदूक आणि शर्टाचं शेपूट

लेम्पी निस्कानेनची सासरच्या माणसांबद्दल एकच तक्रार होती. ही माणसं तिच्या माघारी जास्त हसत.

दरवर्षी चौदा नोव्हेंबरला दुपारी ती आपली निळी गाडी घेऊन जंगलातल्या कॅम्पवर जायची. कॅम्प म्हणजे सासऱ्यांनी बांधलेली लाकडी ओंडक्यांची एक खोली. तिथं एक चूल, एक टेबल आणि सहा बिछाने. लेम्पी फरशी पुसायची, चादरी घालायची. मग मोयाक्काचं भलंमोठं पातेलं चुलीवर चढवायची. बीफ, बटाटे, गाजरं आणि मिरीचा हा रस्सा दोन दिवस पुरायचा. वेलदोडा घातलेल्या गोड पावाच्या चार लाद्या फडक्यात गुंडाळून ती फळीवर ठेवायची आणि उजेड आहे तोवर घरी परत निघायची. दुसऱ्या दिवशी हरणांची शिकार खुली व्हायची. तिचा नवरा रूडी, थोरला दीर वाइनो, धाकटा दीर आर्विड, कागद गिरणीतले दोघे चुलत दीर आणि म्हातारे एयनोकाका, असे सहाजण आठवडाभर तिथं मुक्काम ठोकायचे.

आणि मग व्हायचं असं, की तिची गाडी रस्त्याच्या पहिल्या वळणाला लागली की मागून हसण्याचा एकदम स्फोट व्हायचा. ती समोर असताना नाही, ती वळणावर पोचल्यावर. काच खाली करून ती ऐकायची. टेबलावर मुठी आपटल्याचे आवाज, कुणाला तरी हसून हसून ठसका लागलेला, आणि त्या सगळ्यांच्या वर रूडीचं खिंकाळणं. घरी तो असा कधी हसत नसे. घरी तो बातम्या बघत असे.

एकतीस वर्षं लेम्पीनं हे हसणं वळणावरून ऐकलं. त्या वर्षी एयनोकाकांचे गुडघे गेले, मुलीनं त्यांना फ्लोरिडाला नेलं आणि सहावा बिछाना रिकामा झाला. सप्टेंबरातल्या एका शनिवारी, वाइनोच्या घरी सगळ्यांची सौना, म्हणजे वाफेची अंघोळ, आटोपून लालबुंद चेहऱ्यांनी मंडळी कॉफीला बसली होती. लेम्पीनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "एयनोकाकांचा बिछाना मी घेते."

आर्विडच्या नाकातून कॉफी आली.

"वहिनी, अगं तिथं येऊन तू करणार काय?"

"तुम्ही करता तेच. दिवसभर झाडाला टेकून घोरणार आणि संध्याकाळी सांगणार, हरीण फिरकलंच नाही."

रूडी म्हणाला, "लेम्पी, तिथं संडास बाहेर आहे."

"ठाऊक आहे मला. एकतीस वर्षं घासतंय कोण तो?"

सगळे वाइनोकडे बघायला लागले. वाइनो अडुसष्ट वर्षांचा, कॅम्पचा कारभारी. बोलायचा कमी, आणि बोलला की विषय मिटायचा. त्यानं साखरेचा खडा दातांत धरून त्यावरून कॉफी प्यायली, घाई न करता.

"पाटीवर बायकांबद्दल काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "पण जे लिहिलंय ते लिहिलंय."

ती पाटी लेम्पीला पाठ होती, दरवर्षी तीच पुसायची. सासऱ्यांनी तापल्या सळईनं लाकडात कोरलेल्या ओळी. बिछाना हवा त्याची बंदूक स्वतःची हवी, उसनी चालणार नाही. लाकडं फोडायच्या दिवशी शंभर पावलांवरून 'ॲपल पाय' भाजतात तसल्या पत्र्याच्या थाळीत तीन गोळ्या घालून दाखवायच्या. आणि ज्याचा हरणावरचा नेम चुकेल, त्याच्या शर्टाचं शेपूट कापून भिंतीला ठोकायचं.

शेपूट म्हणजे शर्टाचा मागचा, खाली लोंबणारा भाग. दारासमोरच्या भिंतीवर असली साठ-सत्तर शेपटं टांगलेली होती, चौकड्यांची, पट्ट्यांची, लोकरीची. प्रत्येकाखाली नाव आणि साल. आर्विडची चौदा, रूडीची नऊ. त्यातले निम्मे शर्ट लेम्पीनंच विकत आणलेले होते. वाइनोचं मात्र त्या भिंतीवर एकही नव्हतं. पन्नास वर्षांत त्याचा नेम चुकला नव्हता, आणि म्हणूनच तो कारभारी होता.

लाकडं फोडायचा दिवस म्हणजे नोव्हेंबरातला पहिला रविवार. लेम्पीच्या हातात सात आठवडे होते. वय छप्पन्न. नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात, रोज दोनशे वीस पोरांचं जेवण. आयुष्यात कधी बंदुकीला हात लावला नव्हता, धूळ झटकण्यापुरता सोडून. शिवाय खिम्याच्या पास्ट्या, म्हणजे भाजलेल्या मोठ्या करंज्या, विकून कॉफीच्या डब्यात साठवलेले तीनशे चाळीस डॉलर.

बंदूक घ्यायची म्हटल्यावर गावातल्या प्रत्येक पुरुषाला कंठ फुटला. लेम्पीनं नवा ओव्हन घेतला तेव्हा एकाही माणसानं विचारलं नव्हतं. आता पोस्टमन पत्र हातात ठेवून अर्धा तास उभा राहायला लागला. रूडी म्हणे, माझ्यासारखी घे. आर्विड म्हणे, त्याच्यासारखी मुळीच घेऊ नकोस, अस्वल पाडायचंय का तुला? चुलत दिरांपैकी एक म्हणे, जुनी सैन्यातली घे, शंभरात मिळते. दुसरा म्हणे, ती घेतलीस तर गोळीऐवजी तीच फेकून मार. पाद्रीबुवांनीसुद्धा प्रवचन संपल्यावर तिला बाजूला घेतलं आणि दुर्बिणीवर पैसे वाचवू नका, असं हळूच सांगितलं.

मग एका रविवारी सगळे तिला खडीच्या खाणीत घेऊन गेले. दिरांनी आपापल्या बंदुका आणल्या होत्या. लेम्पीनं एकामागून एक उचलली, रूडीनं दाखवल्याप्रमाणे दस्ता उजव्या खांद्यात रुतवला, डावा डोळा मिटला आणि चाप ओढला. पहिल्या धक्क्याला ती मागच्या मागे बसली. दुसऱ्याला टोपी उडाली. तिसऱ्या बंदुकीच्या दुर्बिणीनं भुवईवर लाल चंद्रकोर काढली. वीस गोळ्या झाल्या. थाळी जशीच्या तशी.

"पण आवाज छान काढलास, वहिनी," आर्विड म्हणाला. "तीन मैलांतली हरणं कॅनडाला पळाली असतील."

सगळे हसले, लेम्पीही हसली. घरी आल्यावर तिनं न्हाणीघरात ब्लाउज उतरवून आरशात खांदा बघितला. तो पिकलेल्या जांभळासारखा झाला होता. तेव्हा मात्र तिला रडू आलं. खांद्यासाठी नाही. एकतीस वर्षं वळणावर ऐकलेलं ते हसणं आता जन्मभर वळणावरूनच ऐकायचं की काय, या विचारानं.

रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एकटीच ऑरव्हिल पेल्टोच्या दुकानात गेली.

ऑरव्हिलच्या दुकानात खिळे, रंग, कोंबड्यांचं खाद्य, कंदिलाच्या काचा असं सगळं मिळायचं. पार मागच्या भिंतीला बंदुका आणि त्यांच्या शेजारी कॉफीची किटली. ऑरव्हिल इतका सावकाश माणूस, की त्याच्याकडे घाईचं गिऱ्हाईक जातच नसे. लेम्पीनं डब्यातले पैसे काउंटरवर ओतले.

"एवढ्यात हरीण मारायची बंदूक. माझी पहिली. आणि ऑरव्हिल, तू काय वापरतोस ते मला सांगायचं नाही."

"नाही सांगत," ऑरव्हिल म्हणाला. "तू नवी सुरी घेताना काय बघतेस?"

लेम्पीनं विचार केला. "हातात बसते का. जड पडत नाही ना. आणि रोज वापरायला भीती वाटत नाही ना."

"मग झालं की. बंदुकीचं वेगळं काही नसतं."

त्यानं तिला चार बंदुका दाखवल्या. एक जुनी होती, देखणी. त्यानं तिची नळी उजेडाकडे धरून तिला आतून बघायला लावलं. आत गंजाचे खड्डे. "हिच्या दिसण्यावर जाऊ नकोस," तो म्हणाला. दुसरी नवी, पण डब्यातले सगळे पैसे एकटीच खाणारी. "मग काडतुसं कशानं घेशील? महागडी बंदूक घेऊन वर्षाला तीन गोळ्या झाडणारे गावात पुष्कळ आहेत. स्वस्तातली घे आणि दोनशे झाड." तिसरीचा दस्ता तिला लांब पडत होता. चौथी हातात बरी बसली, पण खांद्याला लावताच लेम्पीनं मान अशी काही वाकडी केली, की ऑरव्हिल बघतच राहिला.

"खांदा दुखतोय?"

"दुखतोय. पण त्याचं नाही. मला थाळी दिसतच नाही धड. एकदा दिसते, एकदा पळते."

ऑरव्हिलनं तिला कॉफी ओतून दिली. लेम्पीनं साखर घातली आणि ढवळली. तो तिच्या हाताकडे बघत होता. मग त्यानं शांतपणे स्वतःचा कप खाली ठेवला.

"लेम्पी, दोन्ही हात पुढे कर. तळव्यांमध्ये एक छोटी खिडकी ठेव. आता दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून घड्याळ बघ. दिसलं? आता घड्याळ सोडायचं नाही, हात हळूहळू तोंडाशी आण."

तिनं आणले. खिडकी येऊन थेट डाव्या डोळ्यावर बसली.

"पुन्हा कर."

पुन्हा डावा. तिसऱ्यांदाही डावा.

"तू डावखुरी आहेस," ऑरव्हिल म्हणाला.

"काहीतरीच काय! मी उजव्या हातानं लिहिते."

"कॉफी कुठल्या हातानं ढवळलीस?"

लेम्पीनं चमच्याकडे बघितलं. चमचा डाव्या हातात होता. पातेली ढवळायची ती डाव्यानं, कणीक मळताना जोर डाव्याचा, बटाटे सोलायची डाव्यानं. आणि मग तिला लख्ख आठवलं. पहिलीचा वर्ग, पेन्सिल, बोटांवर बसणारी फूटपट्टी आणि बाईंचा आवाज, 'लेम्पी, दुसरा हात!' पन्नास वर्षं तिनं फक्त लिहायचं तेवढं उजव्यानं केलं होतं आणि बाकी सगळं आयुष्य डाव्यानं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या स्वतःच्याही नाही.

ऑरव्हिल काउंटरखाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. शेवटी त्यानं धुळीनं माखलेलं एक लांबोळं खोकं वर काढलं.

"हिची मागणी कुणीतरी नोंदवली आणि न्यायला आलंच नाही. चार वर्षं पडून आहे. जो हातात घेतो तो म्हणतो, ही उलटी आहे."

साधी, फिकट लाकडाच्या दस्त्याची बंदूक. ना नक्षी ना चकाकी. बोल्टची, म्हणजे काडतूस आत ढकलायच्या आणि बाहेर फेकायच्या दांड्याची, मूठ डाव्या बाजूला. वर लहानशी दुर्बीण बसवलेली. गोळी हलकी, धक्का कमी. लेम्पीनं ती डाव्या खांद्याला लावली आणि उजवा डोळा मिटला. पलीकडच्या भिंतीवरचं कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं एकदम समोर येऊन उभं राहिलं. त्यावरच्या कोंबडीचा डोळासुद्धा दिसत होता.

"अगं बाई," लेम्पी म्हणाली. "हे सगळ्यांना असंच दिसतं?"

"असंच."

"मग चुकतात कशी ही मंडळी?"

किंमत चारशे पंचवीस होती. चार वर्षांच्या धुळीपायी ऑरव्हिल तीनशे वीसवर आला. लेम्पी म्हणाली, तीनशे आणि वीस पास्ट्या. ऑरव्हिल म्हणाला, तीस पास्ट्या, त्यातही दहांत कांदा नको, बायकोला सोसत नाही. शेवटी पंचवीसवर तुटलं. उरलेल्या चाळीसची काडतुसं. रीतसर कागद भरून झाले, लेम्पीनं सही केली. पेन डाव्या हातात घेऊन बघितलं, पण ते काही जमेना.

पुढचे पाच आठवडे गावाला लेम्पीचं काय चाललंय ते कळेना. शाळेतल्या जुन्या, पोचे आलेल्या पायच्या थाळ्या एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. रोज साडेतीन वाजता तिची निळी गाडी खाणीकडे जायची. पहिल्या दिवशी थाळीला एक भोक पडलं आणि लेम्पीनं बंदूक रिकामी करून, नीट पोत्यावर ठेवून खाणीत एकटीनंच फुगडीसारखी गिरकी घेतली. तिसऱ्या आठवड्यात थाळीची चाळणी झाली. रूडी एकदा कामावरून लवकर घरी आला, तर बायको स्वयंपाकघरात पालथी पडलेली, रिकामी बंदूक खांद्याला, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर नेम.

"लेम्पी! काय चाललंय हे?"

"श्श. सोळा तारीख मारतेय."

"अगं, जेवण?"

"ओव्हनमध्ये आहे. तूच काढ, आज तुझा उजवा हात मोकळा आहे."

लाकडं फोडायचा रविवार उजाडला. आर्विडनं सवयीनं तिची बंदूक हातात घेतली, "दे, वहिनी, भरून देतो." त्याचा उजवा हात बोल्ट शोधत दस्त्यावरून वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. चेहऱ्यावर अशी चिंता, की जणू घराचं दारच सापडत नाही.

"हिची मूठ तुटलीये!"

"तिकडून बघ, शहाण्या."

"ही उलटी आहे!"

"ती नाही, मी उलटी आहे," लेम्पी म्हणाली आणि त्याच्या हातून बंदूक काढून घेतली. शंभर पावलांवर थाळी चमकत होती. तीन गोळ्या, तीन भोकं. तिन्ही झाकायला एक बिस्किट पुरलं असतं. रूडी आ वासून बघत होता. वाइनो चालत थाळीपर्यंत गेला, भोकांवरून बोट फिरवून बघितलं, परत आला आणि म्हणाला, "खिडकीजवळचा बिछाना. तिथं वारा लागतो. जादा गोधडी आण."

लेम्पी घरापर्यंत गाडी चालवत गेली की उडत गेली, तिला सांगता आलं नसतं.

आणि मग चौदा तारीख आली. फरशी पुसली, पातेलं चढवलं, चादरी घातल्या, आणि संध्याकाळी गाडीची किल्ली खुंटीला अडकवून लेम्पी टेबलाशी बसली. हात मांडीवर, कान टवकारलेले. आता सुरू होईल, आता हसतील.

कुणी हसेना. आर्विडनं पायपुसण्यावर बूट पुसले, उजवा एकदा आणि डावा दोनदा. आयुष्यात पहिल्यांदाच. चुलत दिरांनी पत्ते काढले आणि इतक्या हळू आवाजात खेळायला लागले की जणू कुणी आजारी आहे. एकाच्या तोंडून शिवी निसटली, तर दुसऱ्यानं टेबलाखालून त्याला लाथ घातली. रूडी तर चक्क जुना पेपर वाचत होता.

"वहिनी, तुम्ही बसा ना, कॉफी मी ओततो," आर्विड म्हणाला.

तुम्ही! ज्या आर्विडनं लग्नात तिच्या बुटांत मासा टाकला होता, तो तिला तुम्ही म्हणत होता. आठ वाजता दिवा गेला. खिडकीजवळच्या बिछान्यावर जादा गोधडीत ती पडून राहिली आणि तिला कळून चुकलं, की बिछाना मिळाला, पण हसणं वळणावर गेलं. ती जिथं नसेल, तिथं.

सकाळी सहा वाजता ती एयनोकाकांच्या आडोशाला जाऊन बसली. पडलेला ओंडका, पुढे फांद्यांची भिंत, रात्री पडलेला पांढराशुभ्र बर्फ. बंदुकीत चार काडतुसं. तासाभरानं पलीकडच्या देवदारांतून तो बाहेर आला. आठ टोकांच्या शिंगांचा नर, मानेवर बर्फाचा भुगा. साठ पावलं. तो आडवा उभा राहिला आणि जांभई द्यावी तसं तोंड उघडून बंद केलं.

लेम्पीचे गुडघे एकमेकांवर आपटायला लागले. तरी तिनं बंदूक उचलली, दुर्बिणीतून त्याचा खांदा दिसला, सगळं शिकल्याप्रमाणे केलं. बोल्ट मागे, बोल्ट पुढे. हरीण तसंच उभं. चुकला वाटतं! बोल्ट मागे, बोल्ट पुढे. हरणानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. पुन्हा चुकला! मागे, पुढे. मागे, पुढे. चार झाले. हरणानं कान हलवले, या बाईचं काय चाललंय ते नीट बघून घेतलं, आणि शेपूट वर करून सावकाश चालत देवदारांत निघून गेलं.

मग लेम्पीच्या लक्षात आलं की आवाज कसा तो झालाच नाही. तिनं खाली बघितलं. डाव्या बाजूला बर्फात चार काडतुसं पडली होती. सोनेरी, अखंड, एकालाही ओरखडा नाही. तिनं चारही गोळ्या हातानं काढून फेकल्या होत्या. चाप ओढायचा राहिलाच होता.

ती ओंडक्यावर बसली. कुणी बघितलं नव्हतं. आवाज झाला नव्हता, त्यामुळे कुणी ऐकलंही नव्हतं. काडतुसं खिशात टाकायची, दुपारी जाऊन म्हणायचं, हरीण फिरकलंच नाही. मान शाबूत, शर्ट शाबूत. तिनं काडतुसं खिशात टाकली. आणि ओंडक्यावर बसल्या बसल्या तिला हसायला यायला लागलं. आधी नाकातून, मग पोटातून. त्या हरणाचा चेहरा! हे जर रूडीच्या बाबतीत झालं असतं आणि तिला कुणी सांगितलं नसतं, तर तिनं जन्मभर माफ केलं नसतं.

दुपारी बारा वाजता सगळे रश्श्यासाठी कॅम्पवर जमले. कुणालाच काही मिळालं नव्हतं. लेम्पीनं वाढून झाल्यावर चार काडतुसं टेबलाच्या मधोमध ओळीनं उभी केली आणि सगळं सांगितलं. हरणाची जांभई, तिचे गुडघे, मागे-पुढे, मागे-पुढे, आणि शेवटी त्याचं ते सभ्यपणे निघून जाणं. हरणाची चालसुद्धा उठून करून दाखवली.

चुलत दिरांचे गाल फुगलेले. आर्विड रश्श्यात तोंड घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. पण हसलं कुणी नाही.

"होतं असं, वहिनी," आर्विड कसाबसा म्हणाला. "पहिलीच वेळ तुमची. मनाला लावून घेऊ नका."

ते ऐकलं मात्र, आणि लेम्पीचं डोकं फिरलं. ती उठली, खुंटीवरची मासे कापायची मोठी कात्री काढली आणि टेबलावर दाणकन आपटली.

"काप!"

"अहो, पण गोळी सुटलीच नाही," एक चुलत दीर म्हणाला. "सुटली नाही तर नेम चुकला कसा म्हणायचा?"

"चार वेळा चुकलाय! हा आर्विड एकेका गोळीला एकेक शेपूट देत आलाय, आणि माझ्या चार फुकट? बायकोमाणूस म्हणून? एकतीस वर्षं तुमच्या शेपटांवरची धूळ झटकलीये मी! माझं टांगा नाहीतर ती पाटी खाली काढा!"

तिनं कंबरेतून शर्ट ओढून बाहेर काढला आणि पाठ करून उभी राहिली. रूडी ओरडला, "लेम्पी, थांब! तो माझा नवा शर्ट आहे! लोकरीचा!"

"माझे सगळे धुवायला होते," लेम्पी म्हणाली. "काप, आर्विड."

सगळे वाइनोकडे बघायला लागले. वाइनो त्या चार काडतुसांकडे बघत होता. त्यानं एक उचललं, बोटांत फिरवलं, परत होतं तिथं ठेवलं. मग तो उठला, आपल्या बिछान्याखालची पत्र्याची पेटी ओढली, तळाशी हात घातला आणि मूठ टेबलावर उघडली.

पाच काडतुसं. जुनी, काळवंडलेली, अखंड.

"सत्तेचाळीस साल," वाइनो म्हणाला. "त्याच ओंडक्यावर. दहा टोकांचा होता. बाबा तेव्हा होते. सांगायची हिंमत झाली नाही." त्यानं ती काडतुसं लेम्पीच्या चारांशेजारी उभी केली. "पाचही काढून फेकली मी. आणि मग तो हरामखोर जवळ येऊन त्यांचा वास घेऊन गेला."

मग वाइनोनं, पन्नास वर्षं ज्याची भिंत कोरी होती त्या वाइनोनं, सावकाश आपला शर्ट कंबरेतून बाहेर काढला आणि लेम्पीच्या शेजारी पाठ करून उभा राहिला.

"आधी लेम्पीचं," तो म्हणाला. "तिनं त्याच दिवशी सांगितलं."

आणि मग फुटलं. रूडी खिंकाळला. एक चुलत दीर बाकावरून खाली पडला आणि तिथंच लोळत राहिला. आर्विडच्या हातातली कात्री इतकी थरथरत होती, की लोकरीचं शेपूट नागमोडी कापलं गेलं. "वास घेऊन गेला!" तो किंचाळत होता, "वहिनी, तुझ्या हरणानं निदान जांभई तरी दिली!" त्यानं तिला पुन्हा 'तू' म्हटल्याचं त्याला कळलंही नाही, पण लेम्पीला कळलं. तिचे डोळे भरून आले आणि ती इतकी हसली, की तिला टेबल धरून उभं राहावं लागलं.

दोन शेपटं शेजारी शेजारी ठोकली. खिळा मारायला हातोडी लेम्पीनंच घेतली, डाव्या हातात. वाइनोच्या खाली सत्तेचाळीस साल घातलं. मुठी टेबलावर आपटत होत्या, कुणाला ठसका लागला होता, चार आणि पाच अशी नऊ काडतुसं गडगडत फरशीवर पडत होती. तो आवाज वळणापर्यंत नक्कीच पोचला असेल. पण वळणावर आज ऐकायला कुणी नव्हतं.